तीन ठिकाणी तीन प्रकृती निघाल्या, खरी कोणती?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही उत्तर नीट लागेल. तुम्ही दारव्हा तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहात. वय 36. घरी चार एकर वावर, त्यात पऱ्हाटी आणि तूर. 2024 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात देशभर प्रकृती परीक्षणाचं, म्हणजे देहाचा जन्मजात स्वभाव वाताचा, पित्ताचा की कफाचा हे पाहण्याचं, अभियान चाललं, तेव्हा तुमच्याही गावात मोबाइलवर प्रश्न विचारून नोंद झाली आणि ‘वात-पित्त’ असं उत्तर आलं. मग तुम्ही घरी बसून इंटरनेटवरची एक प्रश्नावली भरली, तिच्यात नुसती ‘वात’ निघाली. नात्यातल्या एका वैद्यांनी मात्र ‘तू तर कफ-पित्ताची’ म्हणून सांगितलं. लहानपणी तुम्ही अंगाने भरलेल्या होता, पण गेल्या दीड वर्षात वजन 56 किलोवरून 47 वर आलं. झोप तुटते, कातडी कोरडी पडली, केस गळतात. खरी प्रकृती कोणती, त्याप्रमाणे खायचं काय, आणि सहा वर्षांच्या मुलाची प्रकृती कशी ओळखायची, हे तुमचे तीन प्रश्न.

माझं पहिलं सांगणं प्रकृतीबद्दलचं नाही. मुद्दाम काही न करता दीड वर्षात नऊ किलो वजन उतरलं असेल तर आधी रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइडसाठी टीएसएच. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकीही. हे ग्रामीण रुग्णालयात होतं, आणि याच आठवड्यात करा. वजन घटणं, झोप तुटणं, केस गळणं, छातीत धडधडणं हे सगळं थायरॉइड ग्रंथी जास्त काम करायला लागली की होतं. साखर वाढली तरी माणूस वाळतो. आणि प्रश्नावलीत वात प्रकृतीसाठी जे विचारतात तेही हेच असतं: सडपातळ आहात का, झोप हलकी आहे का, केस कोरडे आहेत का. तुम्ही खरी उत्तरं दिलीत, पण ती आजच्या तब्येतीची दिलीत.

माझ्या मते सगळा घोळ इथेच झाला आहे. तुम्हाला जे तीन निकाल मिळाले, त्यातले पहिले दोन तुम्ही आज कशा आहात हे सांगतात. तिसरे, ज्यांनी तुम्हाला परकरात खेळताना पाहिलंय, ते तुम्ही मुळात कशा होता हे सांगतात.

आपल्या रोजच्या बोलण्यानेही यात भर घातली आहे. गुडघा दुखला की ‘वात भरला’, छातीत जळजळलं की ‘पित्त झालं’, अंगावर गांधी उठल्या तर तेही ‘पित्त उठलं’, छाती घरघरली की ‘कफ झाला’. आजारांना आपण वात, पित्त, कफ या दोषांची नावं दिली आणि मग तीच नावं स्वभावाला चिकटवली. बाजाराच्या दिवशी माझ्या दवाखान्यात निदान दहा जण तरी सांगतात, ‘माही पित्ताची प्रकृती हाय जी.’ कावून, असं विचारलं तर, ‘आंबट ढेकर येतेत.’ दिवसाला पाच चहा, तीन खर्रे (सुपारी-तंबाखूचे) आणि दुपारी तीनला जेवण असं चाललेल्या कफाच्या माणसालाही आंबट ढेकर येतातच. त्यावरून प्रकृती कळत नाही, दिनक्रम कळतो.

याच सवयीतली एक गोष्ट जीवावर बेतते, म्हणून इथेच सांगून टाकतो. फवारणी करून आलेल्या माणसाचं डोकं दुखतं, मळमळतं, डोळे चुरचुरतात, घाम सुटतो आणि घरचे म्हणतात, पित्त खवळलं, लिंबूपाणी द्या. ते पित्त नाही, विष आहे. 2017 च्या हंगामात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अशा वेळी कपडे काढून साबणाने अंग धुवायचं आणि औषधाचा डबा सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठायचं. वैद्याकडे येण्यात वेळ घालवायचा नाही, माझ्याकडेसुद्धा नाही.

आता मूळ मुद्दा. आयुर्वेदात प्रकृती गर्भ राहतानाच ठरते. आईबापाच्या बीजात त्या घडीला जो दोष जोर धरून असेल तो पुढे देहाचा स्वभाव होतो. चरकांनी त्यात काळ आणि गर्भाशय, आईचं गर्भारपणातलं खाणंपिणं-वागणं आणि पंचमहाभूतं यांचाही वाटा धरला आहे. सुश्रुत तर म्हणतात, प्रकृती वाढत नाही, बदलत नाही, घटत नाही. तसं झालंच तर ते आयुष्य सरल्याचं लक्षण समजावं. जन्मापासून एखादा दोष अंगात जास्त असूनही माणूस आजारी कसा पडत नाही, याला त्यांनी दाखला दिलाय तो विषात जन्मलेल्या किड्याचा: तो त्या विषाने मरत नाही. प्रकृतीच्या वर आज जे बिघडलेलं दिसतं त्याला विकृती म्हणतात. वैद्याला दोन्ही वेगवेगळं वाचता आलं पाहिजे. चरकांनी रोग्याच्या परीक्षेची दहा अंगं सांगितली, त्यात प्रकृती पहिली आणि विकृती लगेच दुसरी, ती त्यामुळेच असावी असं मला वाटतं.

हे वाचणं आपल्या भागात जास्त अवघड आहे, आणि शहरी प्रश्नावली इथे तोंडघशी का पडते ते त्यातून कळतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. काळ्या मातीत अनवाणी राबणाऱ्या कोणाच्याही टाचा फुटतात, कफाच्या असोत की वाताच्या. वावरात राबणाऱ्या बाईचं अंग सुटत नाही. ऊन, वारा, धूळ आणि श्रम ही चारही वात वाढवणारी कारणं, त्यामुळे वरून पाहिलं तर आपला सगळा गाव वात प्रकृतीचा दिसेल. तसा तो नसतो.

मागच्या हिवाळ्यात दोन जावा वेचणीवरून थेट माझ्याकडे आल्या होत्या, सोबत सासू. दोघींची कंबर दुखत होती. दोघी उन्हाने रापलेल्या, किरकोळ अंगाच्या, दोघींच्या बोटांची टोकं बोंडांच्या वाळक्या नख्यांनी ओरबाडलेली. कागदावर दोघींना एकच औषध लागू झालं असतं. मी थोरलीचा हात उलटा केला आणि दंडाची आतली बाजू पाहिली, जिथे ऊन पोचत नाही. तिथली कातडी मऊ, गार, थोडी तुकतुकीत होती. धाकटीच्या त्याच जागी कातडी पातळ, खरबरीत आणि खालच्या शिरा दोरीसारख्या उठलेल्या. उठायला सांगितलं तर धाकटीचे गुडघे बाकावरूनच कटकन वाजले. वात प्रकृतीच्या माणसाचे सांधे चालता-बोलता वाजतात हे चरकांनी नोंदवलंय, आणि शिरा-कंडरा अंगावर जाळ्यासारख्या दिसतात हेही.

मग सासूला विचारलं, या दोघी घरात कशा वागतात. सासू म्हणाली, ‘हे मोठी उठल्यावर अर्धा घंटा बाजेवर बसून राह्यते, पण एकदा कामाले लागली का सांजपर्यंत हलत नाई. आन् हे लहानी उठल्याबरोबर झाडू हातात घेते, मंग पाण्याले पयते, मंग झाडू कुठी ठेवला ते इसरते.’ त्या बाईला श्लोक येत नव्हते, पण वाताचं ‘शीघ्रसमारंभ’ आणि कफाचं ‘अशीघ्रारंभ’ तिने दोन वाक्यांत सांगून टाकलं. थोरलीला मी रूक्ष शेक आणि हालचाल दिली, धाकटीला तेल आणि विश्रांती. दुखणं एकाच नावाचं, पण थोरलीला तेलाने जडपणा वाढला असता.

म्हणून मी माझ्या रुग्णांना आरशात पाहून उत्तरं देऊ देत नाही. आई असेल तर आईला घेऊन यायला सांगतो. पंधरा ते वीस या वयात, लग्नाआधी, बाळंतपणाआधी, कष्टांनी झिजण्याआधी तुम्ही कशा होता, ते विचारतो. आणि प्रश्न असे विचारतो की ज्यांचं उत्तर ऊन आणि काम यांनी फारसं बदलत नाही.

त्यातला माझा सगळ्यात भरवशाचा प्रश्न उपवासाचा. ‘किती भूक लागते’ याचं उत्तर चहा आणि खर्रा बिघडवून टाकतात, कारण दोन्ही भूक मारतात. पण एकादशीला किंवा नवरात्रात काय होतं, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असतं. पित्ताचं माणूस दुपारी बारानंतर कोणाशी धड बोलत नाही, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्याचा अग्नी, म्हणजे पचनशक्ती, तीक्ष्ण असतो, त्याला सतत काहीतरी लागतं. कफाचं माणूस दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी शांतपणे विचारतं, काही करायचंय का अजून. त्याचा अग्नी मंद. वाताच्या माणसाचं काही खरं नसतं: एका एकादशीला भुकेचं भानच राहत नाही, दुसरीला सकाळी दहालाच हातपाय गळतात. विषम अग्नी म्हणतात तो हाच.

दुसरा प्रश्न कोठ्याचा, म्हणजे पोट किती सहज साफ होतं त्याचा. एक पेला दूध, मूठभर मनुका किंवा उसाचा रस घेतल्यावर पोट साफ होऊन जातं का? एवढ्यावर ज्याला जुलाबासारखं होतं त्याचा कोठा मृदू, आणि तो बहुधा पित्ताचा. ज्याला एरंडेल घेऊनही दुसऱ्या दिवशी वाट पाहावी लागते त्याचा कोठा क्रूर, तो वाताचा. ही तपासणीही ग्रंथातलीच आहे आणि ती शेतकऱ्याला लगेच समजते, कारण गुऱ्हाळावर कोणाला काय झालं ते त्याच्या लक्षात असतं.

तिसरा प्रश्न थंडीचा. पुरुषांना विचारतो, शेताला रात्रीची लाईन (वीज) असते तेव्हा ओलीत कोण करतं? डिसेंबरात पहाटे तीनला गव्हाच्या वाफ्यात गार पाण्यात उभं राहणं वाताच्या माणसाला जमत नाही. तो एक रात्र करतो आणि दोन दिवस अंग धरून बसतो. पित्ताचा उलट म्हणतो, हिवाळाच बरा, मला चैत्रातली तपन सोसत नाही. कफाचा दोन्ही सोसतो, फक्त पावसाळी ढगाळ गारठ्यात त्याला सुस्ती येते.

घाम, आवाज, चाल, स्मरण हे त्यानंतर. पित्ताच्या माणसाला घाम जास्त आणि त्याला वासही असतो, केस लवकर पिकतात किंवा विरळ होतात, अंगावर तीळ बरेच. वाताचा माणूस ऐकलेलं पटकन धरतो आणि तितक्याच पटकन विसरतो, बोलतो फार, चालतो लगबगीने. कफाचा शिकायला वेळ घेतो पण दहा वर्षांपूर्वीची उधारीही त्याला रुपयासकट आठवते. यातला एखादा गुण जुळला म्हणून शिक्का मारायचा नाही. पंधरा-वीस गोष्टी एका दिशेला झुकल्या तरच बोलायचं.

नाडीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तिसरं उत्तर देणाऱ्या तुमच्या नात्यातल्या वैद्यांनी नाडी धरली असेलच. नाडी मीही पाहतो. पण चरक, सुश्रुत, वाग्भट या तिघांतही नाडीपरीक्षा नाही. ती आपल्याला नंतर, शार्ङ्गधरांकडे भेटते: वाताची जळवेसारखी-सापासारखी, पित्ताची बेडकासारखी उड्या मारणारी, कफाची हंसासारखी संथ. नाडी आजच्या दिवसाबद्दल पुष्कळ सांगते. जेवणानंतर, उन्हातून आल्यावर, मासिक पाळीत ती बदलते. जी गोष्ट तासातासाला बदलते तिच्या एका स्पर्शावरून जन्मभर न बदलणारी प्रकृती सांगणं मला स्वतःला धाडसाचं वाटतं. तुमच्या त्या नातेवाईक वैद्यांचं उत्तर मला बरोबर वाटतं, पण ते नाडीमुळे नव्हे, त्यांनी तुमचं बालपण पाहिलंय म्हणून.

वयाचाही हिशेब ठेवावा लागतो. बालपण कफाचं, तारुण्य पित्ताचं, म्हातारपण वाताचं. साठीतल्या माणसाला आजच्या झोपेवरून वाताचं ठरवलं तर गावातले सगळे म्हातारे एकाच रांगेत बसतील. ऋतूंचंही तेच. भादवा सरता सरता आणि आश्विनात, सोयाबीनची सोंगणी चालू असते त्या उन्हात, तोंड येणं, डोळे लाल होणं, अंगाची आग होणं हे निम्म्या गावाला होतं. तो शरद ऋतूतला पित्तप्रकोप, पावसाळ्यात साठलेलं पित्त उन्हाने उसळतं. पित्ताच्या माणसाला तो जास्त बाधतो, पण बाधला म्हणून माणूस पित्ताचा ठरत नाही.

माझ्या हातून झालेली एक चूक तुम्हाला सांगायलाच हवी, कारण ती तुमच्यासारख्याच प्रश्नातून झाली. दवाखाना सुरू करून मला थोडीच वर्षं झाली होती. जंगलपट्ट्यातल्या एका गावातून चौदा वर्षांची मुलगी आली. काडीसारखी, सांधे दुखणारे, थंडीत आणि पावसात दुखणं वाढणारं, लवकर थकणारी. मी वहीत ‘वात प्रकृती’ लिहिलं आणि तिला पाच महिने तेल, बस्ती (औषधी एनिमा), दुधातली औषधं देत राहिलो. थोडा उतार पडे, परत दुखे. श्रावणात तिला बैलगाडीतून आणलं तेव्हा ती वेदनेने किंचाळत होती आणि डोळे पिवळे होते. जिल्ह्याच्या ठिकाणी रक्त तपासलं, सिकलसेल निघाला. जन्मतःच तिच्या रक्तातल्या पेशी कोयत्यासारख्या वाकत होत्या आणि मी त्याला तिचा स्वभाव समजत होतो. ती वाचली, आज गोळ्यांवर नीट आहे, तिला मूल आहे. पण त्या पाच महिन्यांचं ओझं माझ्यावरून उतरलेलं नाही.

विदर्भात हा आजार आदिवासी समाजांत फार आहे आणि इतर समाजांतही आहे. आता प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटीची चाचणी होते, ती संशयित आली की पुढची तपासणी करून पक्कं करतात. 1 जुलै 2023 पासून तर यासाठी राष्ट्रीय अभियानच चालू आहे. त्या मुलीच्या वेळेपासून माझा नियम आहे: किरकोळ अंग, सांधेदुखी आणि थकवा हे तिन्ही एकत्र दिसले तर प्रकृतीची वही उघडायच्या आधी रक्ताची चिठ्ठी लिहायची. तुम्ही अंगणवाडीत रोज मुलं पाहता, म्हणून हे तुमच्या उपयोगाचं आहे. ‘हे पोरगं वाताचंच हाय’ असं कोणी म्हणालं तर एकदा रक्त तपासलंय का ते विचारा.

मनाचा भाग वेगळा सांगतो. देहाच्या प्रकृतीबरोबर मनाचाही कल येतो: वाताचं माणूस चटकन घाबरतं, चटकन जीव लावतं आणि चटकन काढूनही घेतं, पित्ताचं कष्ट आणि विरोध सोसत नाही, पण हिंमतीचं असतं, कफाचं सावकाश रागावतं आणि राग धरला तर सोडत नाही. याशिवाय सत्त्व, रज आणि तम यांवरून मनाची प्रकृती वेगळी पाहतात. चरकांनी तिचे सोळा नमुने वर्णन केलेत: सात सात्त्विक, सहा राजस, तीन तामस. त्यांची नावं पाठ करून घरच्यांना लावत बसायची गरज नाही. मला त्यातलं कामाचं वाटतं ते इतकंच, की सारख्याच देहाची दोन माणसं संकटात सारखी वागत नाहीत, आणि औषध सांगताना ते पाहावं लागतं. सत्त्व, म्हणजे मनाचं बळ, बळकट असलेल्या माणसाला मी आजाराचं पूर्ण चित्र सांगतो. ज्याचं सत्त्व कच्चं त्याला थोडंथोडं सांगतो आणि घरचं कोणी जवळ बसवतो.

पण एक सावधगिरी. कापसाला भाव नाही, सोयाबीन पाण्यात गेलं, बँकेची नोटीस आली, आणि माणूस महिनाभर झोपत नाही, जेवत नाही, कोणात मिसळत नाही. घरचे म्हणतात, त्याचा स्वभावच एकलकोंडा. आपल्या भागाने असे कितीतरी ‘स्वभाव’ गमावले आहेत. आधी बोलणारा माणूस गप्प झाला असेल तर ती प्रकृती नव्हे, ते दुखणं आहे आणि त्याला उपचार आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तुमच्या झोपेबद्दल लिहिताना तुम्ही ‘डोक्यात हिशेब चालू राहतात’ असं लिहिलंय. रक्ताचे अहवाल चांगले आले तर त्या हिशेबांबद्दल आपण सविस्तर बोलू.

‘याला विज्ञानाचा आधार आहे का’ असं तुमच्या धाकट्या भावाने विचारल्याचं तुम्ही लिहिलंय. काम झालंय आणि चालू आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2008 मध्ये ठळक प्रकृतीच्या निरोगी लोकांच्या रक्तात आणि जनुकांच्या कामकाजात फरक दिसतात असं मांडलं. 2015 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीतल्या संशोधकांसह एका गटाने 3,416 पुरुष तपासले, त्यांतून नीट वर्गीकरण झालेले 262 निवडले आणि पीजीएम1 या जनुकाचा पित्त प्रकृतीशी संबंध दाखवला. हे आरंभीचं काम आहे. त्यावरून कोणाचा आजार ओळखता येत नाही की औषध ठरवता येत नाही. मला त्यातले आकडेच बोलके वाटतात: साडेतीन हजारांच्या जवळपास माणसं पाहिल्यावर स्वच्छ गटात बसलेली म्हणून घेतली ती 262. माझ्या दवाखान्यातही तसंच आहे. शुद्ध एका दोषाची माणसं थोडी, तिन्ही समान असलेली तर क्वचितच. बहुतेक जण दोन दोषांचे. म्हणून ‘वात 43 टक्के, पित्त 38’ असले आकडे पाहून जीव टांगणीला लावू नका. दोष तराजूत घालून मोजता येत नाहीत. कोणते दोन पुढे आहेत आणि त्यांतला कोणता आधी बिघडतो, एवढं कळलं तरी पुष्कळ.

आता तुमच्याबद्दल. भरलेलं बालपण, शांत झोप, लग्नापर्यंत दाट आणि तेलकट केस, उपवासाला डोकं दुखणं, उन्हात नाकातून रक्त येणं, तिशीच्या आत दिसलेले दोनचार पांढरे केस, हे सगळं तुम्ही स्वतःच लिहिलंय. कागदावरून मी खात्रीने सांगणार नाही, पण माझा कल कफ-पित्ताकडे आहे, आणि आज त्याच्यावर वात वाढलेला आहे. तो का वाढला हे रक्ताचे अहवाल सांगतील. त्याआधी कोणी ‘तुमची वात प्रकृती’ म्हणून अश्वगंधा दिली तर घेऊ नका. थायरॉइड आधीच जोरात असेल तर ती त्रास वाढवू शकते.

खाण्याचं सांगतो. आज वात शमवायचा आहे, म्हणून ताजं, गरम आणि स्निग्ध. ज्वारी रूक्ष, तूर रूक्ष, हरभरा रूक्ष, आणि आपलं ताट याच तिघांवर उभं आहे. ते सोडायचं नाही, त्याला स्नेह जोडायचा. भाकर तव्यावरून उतरल्यावर लगेच, वर तूप. वरणाला हिंग-जिऱ्याची फोडणी आणि वाढताना पुन्हा चमचाभर तूप. सकाळची भाकर संध्याकाळी चटणीशी खाऊन भागवणं, फुटाण्यांवर दुपार काढणं, हे काही महिने बंद. पित्त तुमच्या मुळात आहे, म्हणून ठेचा आणि तर्री बेताने, जवसाची चटणी चिमूटभर. अंगणवाडी सुटायची वाट न पाहता जेवणाची वेळ पाळा. तुमच्यासारख्याला वेळ चुकली की आधी पित्त आणि मागोमाग वात चढतो. झोपताना तळपायांना तिळाचं तेल कोमट करून चोळा, भेगांसाठी नव्हे, झोपेसाठी.

वजन जागेवर आलं, झोप लागू लागली, की हे बदलायचं. तेव्हा तूप कमी, हालचाल जास्त. दुपारची झोप चैत्र-वैशाखात चालेल, पण उन्हाळा सोडून इतर ऋतूंत दिवसा झोपलं की कफ आणि पित्त दोन्ही वाढतात, आणि तुमचे तर तेच दोन. ‘वाताची आहे’ समजून आज सांगितलेलं तूप पुढे दहा वर्षं चालू ठेवलं तर चाळिशीनंतर तेच गुडघ्यांवर आणि पोटावर बसेल. शरदात तुमच्यासारख्यांना विरेचन, म्हणजे औषधाने जुलाब करवून केलेलं शोधन, चांगलं मानवतं, पण ते वैद्याच्या नजरेखालीच, आणि या वर्षी नाहीच. अंगात बळ नसताना शोधन करत नाहीत.

मुलाबद्दल घाई करू नका. सोळापर्यंतचं वय कफाचं, त्यामुळे सहा वर्षांच्या मुलाचं नाक वाहतं, दूध-गोडाकडे ओढ असते, झोप गाढ असते, यावरून तो कफाचा ठरत नाही. एक वही करा आणि वर्षातून दोनदा, पोळ्याला आणि होळीला, चार ओळी लिहून ठेवा. भूक लागल्यावर रडतो की विसरतो. नवी कविता किती वेळात पाठ होते आणि पुढच्या महिन्यात किती उरते. उन्हातून आल्यावर लाल होतो का. रात्री पांघरूण घेतो की लाथाडतो. पडल्यावर आधी घाबरतो, चिडतो की बसून राहतो. आणि उंची-वजन तुम्ही अंगणवाडीत नोंदवताच, तेही त्याच पानावर. तो पंधरा-सोळा वर्षांचा झाला की ती वही कोणत्याही वैद्यापुढे ठेवा.

तुमच्यासाठीही अशीच वही आज कोणाकडे तरी आहे. आईला फोन करून विचारा, लहानपणी मी एकादशीला कशी वागायची. ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या आणि रक्ताच्या अहवालासोबत घेऊन या. सोमवारी बाजार असतो, तेव्हा गर्दी फार. मंगळवारी सकाळी, उपाशीपोटी नको, नेहमीसारखं खाऊन या.